पारिसाप्पांचा कान

गाडीला काय झालंय, हे पारिसाप्पा मगदुमांनी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "कवा होतंय?"

माणूस गडबडायचा. पुढून खडखड येते, पिकअप नाही, धूर येतो, असं काहीतरी तो घरातून पाठ करून आलेला असायचा. आप्पा हात वर करून त्याला थांबवायचे. "ते कळलं. कवा होतंय ते सांगा. सकाळी पयल्यांदा? चढाला? उतारावर पाय काढल्यावर? का सासरवाडीला निघाल्यावर?" माणूस हसायचा, मग विचारात पडायचा, आणि हळूहळू उपयोगाचं काहीतरी बोलायला लागायचा. "काय होतंय ते समदीच सांगत्यात, पावणं. कवा होतंय ते कळलं की कुठं होतंय ते कळतंय."

उद्यमनगरात त्यांचं गॅरेज आणि माझं मशीन शॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती. माझ्याकडे क्रँक घासणं, सिलिंडर बोअर करणं, लेथवरची बारीकसारीक कामं चालत. आप्पांना एखादं इंजिन ऐकायचं असलं की ते भिंतीवर पान्यानं दोन ठोके मारायचे. मी लेथ बंद करायचो. मग पलीकडे एकदम शांतता व्हायची. मी एकदोनदा मुद्दाम दारात जाऊन बघितलंय. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलेलं, मूठ कानाला लावलेली, डोळे मिटलेले. अंगात पांढरा हाफ शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालून काम करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. हात कोपरापर्यंत काळे असायचे, पण शर्टावर डाग नाही.

कानाचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवायचे नाहीत. डिप्लोमा करून ते पुण्यात एका इंजिनांच्या कंपनीत टेस्टिंग विभागात बरीच वर्षं होते. आईचं दुखणं निघालं म्हणून परत आले, ते कोल्हापुरातच राहिले. मूळ गाव जयसिंगपूरजवळचं उदगाव. "ह्यो कान कंपनीनं पगार देऊन तयार केलाय," असं ते कुणालाही ऐकवायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा जैनाघरचा नेम. त्यामुळे संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी ते हात धुऊन, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून डबा उघडायचे. समोर कुणी कितीही मोठा माणूस गाडी घेऊन उभा असो. "सूर्य माझ्यासाठी थांबत न्हाय. तुम्ही थांबा की जरा."

पण त्यांचं नाव झालं होतं ते कानामुळे नव्हे. हा माणूस खोटं बोलत नाही, यासाठी त्यांचं नाव होतं. आणि त्याचा लोकांना त्रासही व्हायचा. एकदा ओळखीतल्या एकानं जुनी गाडी विकायला काढली. घेणाऱ्याला दाखवायला आप्पांच्याकडेच आणली आणि डोळ्यांनी खुणावलं, जरा सांभाळून घ्या. आप्पांनी घेणाऱ्याला बॉनेटपाशी उभं करून दोष सांगायला सुरुवात केली. सगळे सांगून झाल्यावर म्हणाले, "आनि ह्ये मला खुणावत हुते, ते बी धरा." सौदा मोडला. तो ओळखीतला पुढं कधी बोलला नाही.

माझ्या पुतण्याच्या लग्नात माझ्या भावानं त्यांना कौतुकानं विचारलं, "जेवण कसं झालं आप्पा?" आप्पा म्हणाले, "भात जरा कच्चा ऱ्हायलाय. बाकी झकास." भावाचं तोंड उतरलं. मी नंतर म्हटलं, "आप्पा, आज तरी गोड बोलायचं की." त्यांना खरंच कळलं नाही मी काय म्हणतोय ते. "मग इचारलं कशाला त्यानं?"

स्वतःच्या बाबतीतही तेच. एका मास्तरांच्या गाडीचा गिअरबॉक्स त्यांनी उघडला. नंतर लक्षात आलं, आवाज गिअरबॉक्सचा नव्हताच, चाकाच्या बेअरिंगचा होता. गाडी परत गेली होती, आवाज कमी झाल्यासारखा वाटून मास्तर खूश होते. आप्पा बेअरिंग हातात घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "माझा कान चुकला. गाडी बाहेर काढा." हे मला मास्तरांनीच सांगितलं. ते म्हणाले, "दत्ता, माझा पैसा गेला असता तरी चाललं असतं. पण असा माणूस आपल्या दारात उभा राहिला की आपल्यालाच लाज वाटते."

प्रणव त्यांच्याकडे आला तो गाडीच्या अशाच एका दुखण्यासाठी.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो इंजिनीअर होता. वारणानगरला आई शाळेत शिक्षिका, वडील लहानपणीच गेलेले. पगार सुरू झाल्यावर त्यानं एक छोटी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि मग ती अंगाखांद्यावर खेळवल्यासारखी सजवत गेला. इंजिनात जादा हवा कोंबणारा मूळचा टर्बो काढून मोठा बसवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदललं, हवेच्या नळ्या बदलल्या. गाडी सुटायची तेव्हा माझ्या पत्र्याच्या शेडमधले डबे हलायचे. पण मध्येच तिला एक खोड लागली. चांगली फिरून येऊन सिग्नलला थांबली की थरथरायची, दिवा लागायचा, आणि पुन्हा पाय दिला की क्षणभर दम सोडायची. सकाळी बघावं तर काही नाही.

अशा नव्या इंजिनात व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते गतीप्रमाणे बदलत राहतं. कॅमशाफ्टच्या टोकाला एक चाक असतं, फेजर म्हणतात त्याला. ते तेलाच्या दाबानं थोडं पुढं-मागं फिरतं आणि व्हॉल्व्हची वेळ बदलते. प्रणवला दुखणं तिथंच आहे हे माहीत होतं. लॅपटॉपवर त्यानं दाखवलं, कॉम्प्युटर कॅमला एक जागा सांगतोय आणि कॅम दुसरीकडेच राहतोय. सेन्सर बदलून झाला होता. तेल सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बदलून झाला होता. पुण्यात जाऊन त्यानं टायमिंगची चेनसुद्धा बदलून आणली होती.

"कवा होतंय?" आप्पांनी विचारलं.

"गरम झाल्यावर."

"काय गरम झाल्यावर? पाणी का तेल?"

प्रणव हसला. "हे मी बघितलं नाही."

"बघूया की मग."

दोघं कागलपर्यंत जाऊन आले. गाडी उभी करून पंख्यानं पाणी गार होऊ दिलं. तेल अजून कढत होतं. दुखणं होतं तसंच. म्हणजे तेल. आप्पांनी हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, तेलाच्या दाबाचा काटा बसवला. गार असताना काटा खणखणीत, तेल पातळ झालं की खाली खाली. पंप चांगला होता. मग तेल जातंय कुठं? आप्पा इंजिनाभोवती फिरत राहिले. शेवटी प्रणवच वाकून एका नळीकडे बघायला लागला आणि म्हणाला, "आप्पा, ही मी बसवलीय."

मोठ्या टर्बोला तेल लागतं म्हणून त्यानं हेडमधून नळी काढली होती, ती नेमकी फेजरच्या वाटेवरून. आणि नळी सताड उघडी.

"तुझा टर्बो त्याच्या ताटातलं खातोय," आप्पा म्हणाले.

प्रणवनंच सांगितलं, की या जातीच्या टर्बोला एवढं तेल लागतही नाही. दोघं माझ्याकडे आले आणि मी पितळेचा एक बारीक छिद्राचा जेट करून दिला. नळी खालच्या मुख्य वाटेवर नेली, तिच्यात तो जेट बसवला. गाडी कढत करून आणली. सिग्नलला उभी केली तर देवघरातल्या समईसारखी शांत. आप्पांनी लगेच "झालं" म्हटलं नाही. ते कधीच म्हणायचे नाहीत. आठवडाभर स्वतः चालवून बघितली, आणि मग किल्ली प्रणवच्या हातात देताना म्हणाले, "आता हिच्यात खोट न्हाय."

त्यानंतर प्रणव सुट्टीच्या दिवशी यायलाच लागला. आप्पांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. गॅरेजमध्ये वाद घालायला माणूस नव्हता. हा वाद घालायचा. आप्पा कान म्हणायचे, हा लॅपटॉप म्हणायचा. दोघांची भांडणं भिंतीपलीकडून ऐकताना मला वाटायचं, आता हाणामारी होतेय. मग चहा यायचा. कुसुमवहिनी, म्हणजे आप्पांच्या घरच्या, त्याच्यासाठी वेगळा डबा द्यायला लागल्या होत्या. "आप्पा, तुम्ही कधीच खोटं बोलत नाही?" त्यानं एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, "गरज पडली न्हाय अजून."

उसाचा हंगाम होता. शनिवारी संध्याकाळी प्रणव आईकडे वारणानगरला निघाला होता. कोडोलीच्या अलीकडे एका वळणावर दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं होता. प्रणव तो ओलांडायला गेला, समोरून टेम्पो आला. टेम्पोवाल्याचा हात मोडला. प्रणव दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही.

दिवसकार्यानंतर लोक बोलायला लागले, तसे ते बोलतातच. मस्तीत मेला. गाडीला पंख लावले होते. रेस खेळायला गेला. गाडी पोलिसांकडून सुटली तेव्हा त्याच्या आईनं सांगितलं, ती मगदुमांकडेच न्या. एका टेम्पोत घालून ती आणली. पुढचा भाग चेपलेला, एका बाजूचं दार नव्हतं. इंजिन मात्र बऱ्यापैकी जागेवर होतं.

बाई स्वतः दुसऱ्या दिवशी आल्या. साधी सुती साडी, हातात शाळेची पिशवी. आप्पांनी क्रेट पुसून दिला, त्या बसल्या नाहीत.

"त्यानं निघताना मला फोन केला होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, उसाच्या गाड्या आहेत रस्त्याला, सावकाश ये. तो म्हणाला, आई, अगदी सावकाश येतोय. आता सगळे सांगतात, तो जोरात होता. मला एवढंच कळायला हवं, तो माझ्याशी खोटं बोलला का." त्या थांबल्या. "प्रणव म्हणायचा, आप्पा खोटं बोलत नाहीत. म्हणून तुमच्याकडे आले. गाडी उघडून बघा आणि मला सांगा."

आप्पांनी फक्त मान हलवली.

पुढचे काही दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. हेड उतरवलं. जेट काढून उजेडात धरला. छिद्र स्वच्छ होतं. तेलाचा व्हॉल्व्ह मोकळा होता. फेजर माझ्या टेबलावर आणला, मी मोजला. कुठं ओरखडा नाही, कुठं अडकत नाही. आप्पा म्हणाले, तेल कढत करून बघूया. स्टोव्हवर तेल तापवलं, दाबानं आत सोडलं. चाक लोण्यासारखं पुढं-मागं फिरलं. राहता राहिला कॉम्प्युटर. प्रणवनंच आप्पांना ते वाचायला शिकवलं होतं. अपघाताच्या क्षणाचं त्यात जे राहिलं होतं ते अगदी थोडं होतं, पण पुरेसं होतं. एक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला. कॉम्प्युटरनं जे मागितलं ते कॅमनं दिलं होतं. वेग माझ्याच्यानं बघवला नाही.

आप्पांनी लॅपटॉप मिटला. बराच वेळ हात पुसत उभे राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते.

"गाडीत खोट न्हवती, दत्ता. पोरानं शेवटपर्यंत दाबलंतं."

"सांगणार बाईंना?"

"इचारलंय तिनं. सांगायला पायजे की."

बाई आल्या तेव्हा मी तिथंच होतो. आप्पांनी टेबलावर फेजर, व्हॉल्व्ह, नळी ओळीनं मांडून ठेवली होती. ते समजावून सांगायला लागले, कुठलं चाक काय करतं, तेल कुठून येतं. बाई शाळेतल्या मुलीसारख्या एकाग्र होऊन ऐकत होत्या. मग त्यांनी ते चाक उचललं आणि दोन्ही हातांत धरलं. काळं झालेलं, थंड लोखंड. त्यांनी ते पदरानं पुसायला सुरुवात केली. पुसत राहिल्या.

"तो सावकाश होता का?" त्यांनी विचारलं. वर बघितलं नाही.

भिंतीपलीकडे माझा लेथ चालू राहिला होता. मी जाऊन बंद करावा का, एवढाच विचार माझ्या डोक्यात आल्याचं आठवतं.

"व्हय बाई," आप्पा म्हणाले. "सावकाशच हुता."

त्यांनी मान वर केली.

"ट्रॅक्टर मागं टाकायला तो बाहेर निघाला. जागा हुती. कुनीबी निघालं असतं. मध्यावर गेल्यावर ह्ये चाक अडकलं. इंजिननं दम सोडला. त्यानं पाय दिला, पन गाडी उठली न्हाय." आप्पांचा आवाज नेहमीसारखाच मोठा आणि सरळ होता. "ह्ये दुखनं मीच काढलंतं. मीच सांगितलंतं आता खोट न्हाय म्हणून. ती ऱ्हायली हुती. चूक माझी. पोराची न्हाय."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी ते चाक टेबलावर ठेवलं आणि आप्पांना हात जोडले. "तुम्ही खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

त्या गेल्यावर मी आप्पांच्यावर अक्षरशः ओरडलो. हे काय केलंत, पोलिसात गेल्या तर? गावभर झालं तर?

"तिनं गाडीचं न्हाय इचारलं, दत्ता," ते म्हणाले. "पोरगा खोटं बोलला का, ते इचारलं. मग एकानं तर खोटं बोलायलाच पायजे हुतं. तो बोलला म्हनायचं, न्हायतर मी बोलायचं." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तू ह्यातलं काय बोलू नगोस. कुठंच." मी बोललो नाही.

बाई पोलिसात गेल्या नाहीत. उलट त्या ज्याला त्याला सांगायला लागल्या, की मगदुमांनी स्वतःहून चूक कबूल केली, असा माणूस आजकाल मिळत नाही. त्यांना त्यात मोठेपणा दिसत होता. ऐकणाऱ्यांना एवढंच ऐकू गेलं, की मगदुमांच्या कामामुळे एक पोरगा गेला. नव्या गाड्यांची पोरं यायची बंद झाली. जुनी गिऱ्हाइकं काही दिवस टिकली, मग तीही वळली. आप्पांनी कुणाला कधी खुलासा केला नाही. कुणी तोंडावर विचारलं तर म्हणायचे, "व्हय, ऱ्हायलंतं बघायचं."

मला वाटलं होतं, त्रास होईल तो एवढाच. पण बाई पुन्हा आल्या.

त्या अधूनमधून यायला लागल्या. शाळेच्या कामाला कोल्हापुरात आल्या की गॅरेजवर यायच्या. येताना खव्याची पोळी किंवा चकल्या आणायच्या. आप्पांच्या शेजारी बसून पुन्हा विचारायच्या. ते चाक अडकलं म्हणजे नेमकं काय झालं असेल? त्याला कळलं असेल का? घाबरला असेल का? शिक्षिकाच त्या, प्रश्न नेमके असायचे. आणि आप्पांना उत्तरं द्यावी लागायची. प्रत्येक वेळी थोडं आणखी. क्षणभरच कळलं असेल. ब्रेक लावून मागं यायचा त्यानं विचार केला, पण शेजारी ट्रॉली हुती. त्यानं गाडी टेम्पोपासून लांब वळवली, दुसऱ्याला लागू नये म्हणून. बाई ऐकायच्या आणि जाताना त्यांचा चेहरा हलका झालेला असायचा. त्या पुन्हा शाळेत नीट शिकवायला लागल्या होत्या. त्यांना झोप लागायला लागली होती. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं.

आणि आप्पांची झोप गेली.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "त्यांनी तूप सोडलंय, भावजी. जल्मभराचं. कशाबद्दल ते सांगत न्हाईत. मंदिरात जाऊन नेम घेऊन आले. इचारलं तर म्हनत्यात, सोडलं म्हंजे सोडलं." मला माहीत होतं. मी मान खाली घातली.

मग एक दिवस भिंतीवर पान्याचे ठोके पडले. मी लेथ बंद केला. पलीकडे एक टॅक्सीवाला नवीकोरी गाडी घेऊन आला होता, नुसतं तेल बदलायला. आप्पा इंजिनावर वाकले होते. मी दारात उभा राहिलो. मलाही थोडाफार कान आहे. गाडी उत्तम चालत होती.

"ऐकतोस?" आप्पा म्हणाले.

"काय आप्पा?"

"अडकतंय मधेच. ह्ये बघ. ह्ये. ऐकलंस?"

मला काही ऐकू आलं नाही. टॅक्सीवाला माझ्याकडे बघत होता. आप्पांनी त्याची गाडी सोडली नाही. उघडली, काही सापडलं नाही, जोडली. पुन्हा ऐकली आणि पुन्हा उघडायला घेतली. टॅक्सीवाल्यानं शेवटी हात जोडून किल्ली मागून घेतली. त्यानंतर जी गाडी येईल तिच्यात त्यांना तेच ऐकू यायला लागलं. डिझेल असो, जुनी असो, ज्या इंजिनात असलं चाकच नाही अशातसुद्धा. दिवसातून कितीदा तरी भिंतीवर ठोके पडायचे. मी लेथ बंद करायचो आणि त्या शांततेत उभा राहायचो. पलीकडे एक इंजिन सुरळीत चालत असायचं आणि एक माणूस त्यात काहीतरी ऐकत असायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं, "आप्पा, बाईंना एकदा खरं सांगून टाकूया. आता सावरल्यात त्या."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मला वाटलं मी कुणा परक्याशी बोलतोय. "खरं म्हंजे?" ते म्हणाले.

त्याच वर्षी त्यांनी गॅरेज दुसऱ्याला दिलं आणि वहिनींना घेऊन उदगावला भावाकडे राहायला गेले. बाईंना कुणीतरी पत्ता दिला. त्या तिथंही एकदा जाऊन आल्या म्हणे. मी फोन करायचो. वहिनीच उचलायच्या. बरे हायत, एवढंच सांगायच्या.

गेल्या वर्षी एका पंपाच्या शाफ्टच्या कामासाठी मी जयसिंगपूरला गेलो होतो. काम आटोपून दुपारी स्टँडवर चहा घेत होतो, तर समोरच्या फलाटावर आप्पा उभे दिसले. पांढरा शर्ट, पण कॉलर मळलेली. मी धावत जाऊन पाया पडलो. त्यांनी लगेच ओळखलं, माझा हात घट्ट धरला. माझ्या मुलींचं विचारलं, लेथचं विचारलं. मग आवाज एकदम खाली आणला. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दत्ता, ते चाक तू मोजलंतंस न्हवं?"

"व्हय आप्पा."

"अडकत न्हवतं?"

"न्हाय आप्पा. साफ हुतं."

"आपन गार असताना मोजलं," ते म्हणाले. "तितं चुकलं. गरम झाल्यावर अडकत हुतं ते."

"आप्पा, स्टोव्हवर तेल तापवून बघितलं की आपण. तुम्हीच सोडलंसा आत तेल. लोण्यासारखं फिरत हुतं."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. लहान मूल गोष्ट ऐकताना बघतं तसं. "तुला आठवतंय तसं?"

"चांगलं आठवतंय."

"मला न्हाय आठवत," ते म्हणाले. "मला ते अडकल्यालंच दिसतंय. सावकाश निघालाय तो. आनि मधेच दम सोडतीय गाडी. रोज दिसतंय की."

तेवढ्यात उदगाववरून जाणारी एसटी फलाटाला लागली. आप्पा म्हणाले, "येतो मग." ते गाडीत चढले. मी खिडकीतून त्यांना बसलेलं बघितलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि आप्पा उठले. माणसांना बाजूला सारत खाली उतरले.

"काय झालं आप्पा?"

"हिचं बरं न्हाय. पुढची बघतो."

पुढची आली. ते पायरीवर पाय ठेवून थांबले, मान थोडी कलती करून. कंडक्टर ओरडला, "चढा की ओ आजोबा!" आप्पांनी पाय काढून घेतला. गाडी गेली. मी म्हटलं, मी रिक्षा करून देतो, सोडायला येतो. ते हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "ऱ्हाऊ दे रं. लांब न्हाय घर."

आणि ते चालायला लागले. मी फलाटाच्या टोकाला जाऊन बघत उभा राहिलो. ऊन तापलं होतं. रस्त्याच्या अगदी कडेनं, मातीवरून, पांढरा शर्ट हळूहळू लांब चालला होता. मागून एखादी गाडी आली की ते रस्ता सोडून खाली शेताच्या बांधावर उतरायचे, गाडीकडे पाठ करायचे आणि दोन्ही कानांवर हात धरायचे. ती पार लांब गेल्यावर हात काढायचे, वर यायचे आणि पुन्हा चालायला लागायचे.